शिकाऊ डॉक्टर आणि जोखमीचे बाळंतपण



मी आजचा विषय कळविला तेव्हा व्याख्यानमालेच्या चालकांपैकी एकाने मला विचारले, “हा विषय डॉक्टरांच्या सभेत शोभेल; नागरिकांपुढे तो कशाला?” प्रश्न रास्त आहे. वैद्यकीय विद्यार्थ्याला काय शिकवावे आणि कसे शिकवावे हे त्याच्या गुरुजनांनी पाहावे, असे कोणालाही वाटेल. परंतु हा विद्यार्थी शिकतो कोठे? थोडे पुस्तकात शिकतो, थोडे वर्गात शिकतो. आणि खरे शिकतो ते तुमच्या-आमच्या लेकीसुनांच्या खाटेपाशी. ज्यांच्या खाटेपाशी ही शाळा भरते त्यांना तिच्याविषयी दोन शब्द ऐकण्याचा, आणि प्रसंगी दोन शब्द सुनावण्याचाही, अधिकार आहे.

मोठ्या रुग्णालयाच्या प्रसूतिकक्षाबाहेर बसलेल्या मंडळींच्या तोंडी एक वाक्य हमखास असते : “शिकाऊ पोरांना हात लावू देऊ नका हो, मोठ्या डॉक्टरांना बोलवा.” हे वाक्य मिरजेस ऐकू येते, सांगलीस येते, कऱ्हाडास येते आणि साताऱ्यासही येते. त्यामागची माया मला समजते. पण माझे म्हणणे असे की, ह्या वाक्याचा पूर्वार्ध आपण बदलला पाहिजे आणि उत्तरार्धाचा आग्रह मात्र सोडता कामा नये. शिकाऊ डॉक्टर खाटेपाशी असावा. आणि त्याच्या पाठीशी मोठा डॉक्टरही असावा. दोहोंपैकी एक नसेल तर काय होते, ते मला आज सांगावयाचे आहे.

प्रथम जोखीम म्हणजे काय ते पाहू. बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, असे आपल्या आज्या म्हणत. बहुतेक बाळंतपणे सुखरूप पार पडतात. पण साधारणपणे शंभर गर्भवतींमागे पंधरांच्या बाबतीत जिवावर बेतू शकेल अशी एखादी अडचण उद्भवते, असे जगभर धरले जाते. त्यांपैकी काहींची जोखीम आधी दिसते. वय अठराच्या आतले किंवा पस्तिशीच्या पुढचे, उंची फार कमी, पहिले बाळंतपण पोट फाडून झालेले, जुळे, मूल आडवे किंवा पायाळू, रक्तदाब १४० वर ९० किंवा त्याहून अधिक, मधुमेह, हृदयाचा आजार, आणि आपल्याकडे सर्वांत अधिक आढळणारी गोष्ट म्हणजे अंगात रक्त कमी. हिमोग्लोबिन अकराच्या खाली गेले की पंडुरोग, आणि सातच्या खाली गेले की तो गंभीर. २०१६ सालापासून दर महिन्याच्या ९ तारखेस सरकारी दवाखान्यांतून गर्भवतींची विनामूल्य तपासणी होते. त्या वेळी जोखीम आढळली तर कार्डावर लाल खूण लावतात, नसेल तर हिरवी.

ही लाल खूण फार उपयोगाची आहे. परंतु हिरव्या खुणेची बाई निर्धोक असते असे मात्र नव्हे. वार पडल्यावर अकस्मात रक्त वाहू लागते ते पुष्कळदा अशाच बाईच्या बाबतीत, जिच्या कार्डावर काहीच लिहिलेले नसते. म्हणून विद्यार्थ्याला दोन गोष्टी शिकवाव्या लागतात : दिसणारी जोखीम ओळखणे, आणि न दिसणाऱ्या जोखमीसाठी सदैव सज्ज असणे. दुसरी गोष्ट पहिलीहून कठीण आहे.

आता ‘शिकाऊ नको’ ह्या आक्षेपाकडे वळतो. हा आक्षेप निराधार आहे असे मी म्हणणार नाही. कारण एके काळी शिकाऊ डॉक्टर खरोखरीच बाळंतिणींचा काळ ठरले होते. गेल्या शतकाच्याही आधीच्या शतकातली ही गोष्ट आहे. व्हिएन्नाच्या सरकारी रुग्णालयात बाळंतिणींचे दोन विभाग होते. पहिल्यात वैद्यकीय विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी शिकत. १८४६ साली सुइणींच्या विभागात शंभरांत तीनही बाळंतिणी दगावल्या नाहीत. विद्यार्थ्यांच्या विभागात मात्र शंभरांत अकरांहून अधिक दगावल्या. पहिल्या विभागात घालू नका म्हणून बायका डॉक्टरांच्या पाया पडत. सेमेलवाइस नावाचा तरुण डॉक्टर तेथे होता. १८४७ च्या मार्चमध्ये त्याचा एक स्नेही, प्रेताची चिकित्सा चालू असता विद्यार्थ्याच्या हातची सुरी बोटाला लागून, बाळंतिणींप्रमाणेच ताप येऊन वारला. सेमेलवाइसच्या डोक्यात प्रकाश पडला. विद्यार्थी सकाळी प्रेते फाडीत आणि त्याच हातांनी येऊन बाळंतिणी तपासीत! मे महिन्यापासून त्याने क्लोरिनच्या चुन्याच्या पाण्यात हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये शंभरांत अठरा मरत होत्या; जूनमध्ये ते प्रमाण दोनांवर आले.

ह्या गोष्टीचे तात्पर्य पाहा. सेमेलवाइसने विद्यार्थ्यांना हाकलून दिले नाही. त्याने त्यांना हात धुवावयास लावले. धोका विद्यार्थ्यात नव्हता, शिकविण्याच्या पद्धतीत होता.

आपल्या मुलखाचा इतिहासही ह्याच बाजूने साक्ष देतो. आनंदीबाई जोशी वैद्यकाकडे वळल्या त्या चौदाव्या वर्षी झालेले मूल अवघ्या दहा दिवसांत गेले म्हणून. फिलाडेल्फियास १८८६ साली त्यांनी पदवी घेतली आणि प्रबंधासाठी विषय निवडला तो प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. पुढल्याच वर्षी त्या वारल्या. शिकलेले आपल्या भगिनींपर्यंत पोचविण्याचे राहून गेले. त्यानंतर थोड्याच वर्षांनी, १८९४ साली, मिरजेस डॉ. वानलेस यांचे रुग्णालय उभे राहिले आणि त्याच्या सावलीत वैद्यकीय शिक्षणाचीही परंपरा सुरू झाली. १९६२ साली मिरजेस शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. १९८४ साली कऱ्हाडास कृष्णा वैद्यकीय संस्था निघाली, आणि २०२१-२२ पासून साताऱ्यासही शासकीय महाविद्यालय झाले. ह्या दोन जिल्ह्यांतून आज दरवर्षी शेकडो तरुण-तरुणी डॉक्टर होऊन बाहेर पडतात. २०१८ ते २०२० ह्या काळात महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ माता दगावल्या. सबंध देशाचा आकडा त्या वेळी ९७ होता. ही कमाई काही एकट्या शहरी तज्ज्ञांची नव्हे. तीत परिचारिकांचा, आशाताईंचा आणि ज्यांना आपण ‘शिकाऊ’ म्हणतो त्यांचा मोठा वाटा आहे.

परंतु कमाईबरोबर एक नवीन अडचणही आली आहे. संकटे विरळ झाली की ती पाहून शिकण्याची संधीही विरळ होते. पूर्वीच्या डॉक्टरला उमेदवारीत पायाळू मुलाची पाच-पंचवीस बाळंतपणे पाहावयास मिळत. २००० साली एक मोठी आंतरराष्ट्रीय पाहणी प्रसिद्ध झाली आणि तेव्हापासून पायाळू मूल म्हटले की शस्त्रक्रिया, असा जगभर प्रघात पडला. पण मध्यरात्री, पाय बाहेर आलेल्या अवस्थेत एखादी बाई प्राथमिक आरोग्य केंद्राच्या दारात उतरली, तर तेथल्या तरुण डॉक्टरने काय करावे? त्याने ते कधी पाहिलेच नसेल तर त्याचे हात थरथरतील. म्हणून आता ही कसबे बाहुलीवर शिकवितात. रबराचे ओटीपोट, रबराचे मूल. तेच तेच पन्नास वेळा करावयाचे. पोहणे जसे काठावर बसून येत नाही तसेच एकदम पुरातही शिकता येत नाही. आधी विहीर लागते. बाहुली ही ती विहीर होय.

तर मग ह्या विद्यार्थ्याला मुख्यतः शिकवावयाचे काय? माझ्या मते तीन गोष्टी.

पहिली गोष्ट : अंदाज करू नये, मोजावे. बाळंतपणानंतर किती रक्त गेले हे डोळ्यांनी पाहून सांगण्याची जुनी रीत आहे. पाव लिटर, अर्धा लिटर, असे आपण ठोकून देतो. आपल्या शेजारी बेळगाव जिल्ह्यात, तेथल्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या मंडळींनी अमेरिकन सहकाऱ्यांसह ह्या प्रश्नाचा अभ्यास केला. बाळंतिणीखाली अंथरावयाचे प्लास्टिकचे एक साधे कापड त्यांनी वापरले; त्याला खाली पिशवी आणि पिशवीवर मापाच्या रेघा. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणीत असे दिसले की, नुसत्या डोळ्यांचा अंदाज ह्या मापापेक्षा सुमारे एक-तृतीयांशाने कमी भरतो. म्हणजे बाई संकटात असते आणि आपण म्हणत असतो, फारसे गेले नाही! पुढे २०२३ साली केनिया, नायजेरिया, टांझानिया व दक्षिण आफ्रिका येथील रुग्णालयांतून अशाच मापाच्या कापडाबरोबर उपचारांचा एक ठरलेला संच वापरून पाहिला, तेव्हा जीवघेणा रक्तस्राव आणि त्यातून उद्भवणारे अनर्थ साठ टक्क्यांनी घटले. ज्या बाईचे हिमोग्लोबिन आधीच आठ आहे तिला अर्धा लिटर रक्त जाणेही परवडत नाही. विद्यार्थ्याने रक्तदाब मोजावा, लघवी तपासावी, नाडी मोजावी, रक्त मोजावे. आणि मोजलेले लिहावे. ‘बरी दिसते’ हा वैद्यकातला सर्वांत घातकी शेरा आहे.

मोजण्यातच विचारणेही आले. “याआधी किती वेळा दिवस गेले होते? कितव्या महिन्यात पडले?” हे प्रश्न कंटाळवाणे वाटतात. पण पाचव्या-सहाव्या महिन्यात ज्यांचे मूल पुनःपुन्हा वाया जाते अशा स्त्रियांचे म्हणणे नीट ऐकून घेतल्यामुळेच डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकरांसारख्या गोमंतकीय शल्यविशारदाला पिशवीच्या तोंडाचा अशक्तपणा उमगला, आणि १९५५ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा टाका आज जगभर त्यांच्याच नावाने ओळखला जातो. त्या टाक्याची सुरुवात हत्याराने झाली नाही, प्रश्नाने झाली.

दुसरी गोष्ट : कवायत. रक्तदाब चढून गर्भवतीला झटके येऊ लागतात तेव्हा विचार करीत बसण्यास वेळ नसतो. खेड्यात अजूनही कोणी त्याला बाहेरची बाधा समजतात. विद्यार्थ्याला तेव्हा एखाद्या शिपायाप्रमाणे हालचाली आठवल्या पाहिजेत : तिला कुशीवर वळवावे, श्वासाचा मार्ग मोकळा ठेवावा, प्राणवायू द्यावा, मॅग्नेशियम सल्फेटचे इंजेक्शन द्यावे, रक्तदाब उतरवावा, मग प्रसूतीचा विचार करावा. मॅग्नेशियम सल्फेट हे औषध स्वस्त आहे, जुने आहे. ३३ देशांतल्या दहा हजारांवर स्त्रियांच्या पाहणीत, २००२ साली, असे सिद्ध झाले की ह्या औषधाने झटक्यांचा धोका निम्म्याहूनही खाली येतो. पण त्याची मात्रा अधिक झाली तर श्वास मंदावतो. म्हणून गुडघ्यावर हातोडी मारून पाय उडतो की नाही ते पाहावयाचे, श्वास मोजावयाचा, लघवी किती होते ते पाहावयाचे, आणि उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी ठेवावयाचे. आपल्या सोलापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सुमन सरदेसाई व त्यांच्या सहकाऱ्यांनी विचार केला की, परदेशी पुस्तकातली मात्रा धिप्पाड स्त्रियांची आहे. आपल्या बायका चणीने लहान, वजनाने कमी. त्यांनी कमी मात्रेची पद्धत बसविली आणि २००३ साली ती प्रसिद्ध केली. विद्यार्थ्याने पुस्तक वाचावे, आणि समोरची बाईही वाचावी, ह्याचा हा चांगला धडा आहे.

तिसरी गोष्ट, आणि आपल्या दोन जिल्ह्यांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची : वेळेवर पाठविणे. १९९४ साली थॅडियस आणि मेन ह्या दोन अभ्यासिकांनी मातामृत्यूच्या मुळाशी तीन विलंब असतात असे दाखविले. घरात निर्णय घेण्यास विलंब, वाटेत विलंब, आणि रुग्णालयात पोचल्यावर उपचारास विलंब. आता नकाशा डोळ्यांपुढे आणा. कोयनेच्या खोऱ्यातली, जावळीतली एखादी वाडी, आषाढातला पाऊस, घाटात दरड. किंवा जत तालुक्याच्या टोकाचे उमदीसारखे गाव. तेथून मिरज शंभर किलोमीटरांहून लांब. किंवा २०१९ च्या ऑगस्टमधली सांगली, जेव्हा कृष्णेचे पाणी शहरात शिरले होते आणि रस्ते बंद होते. अशा ठिकाणच्या डॉक्टरला मोठी शस्त्रक्रिया येण्यापेक्षा, ‘हे माझ्या आवाक्याबाहेरचे आहे’ हे दोन तास आधी ओळखता येणे अधिक मोलाचे आहे. पाठविताना पुढच्या रुग्णालयास दूरध्वनी करावा, झटक्याची बाई असेल तर औषधाची पहिली मात्रा देऊनच गाडीत घालावी, काय दिले आणि किती वाजता दिले ते चिठ्ठीवर स्वच्छ अक्षरांत लिहावे. नुसते ‘पुढील उपचारार्थ’ एवढे लिहून गाडी रवाना करणे म्हणजे पाठविणे नव्हे, लोटून देणे होय.

ह्याच संदर्भात दोन आपल्याकडच्या गोष्टी सांगतो. एक माहेरपणाची. पहिलटकरीण सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी येते. ही रीत गोड आहे. पण तिची तपासणी सासरी झालेली असते आणि बाळंतपण माहेरी होते. कार्ड सासरच्या फडताळात राहिले तर मिरजेच्या डॉक्टरला तिचा आधीचा रक्तदाब कळावयाचा कसा? दुसरी ऊसतोडीची. दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातून टोळ्या आपल्या कारखान्यांवर येतात आणि उन्हाळ्यापर्यंत कोपीत राहतात. त्यांतल्या कित्येक बायका गरोदर असतात; पहाटेपासून मोळ्या उचलतात; आज ह्या शिवारात, उद्या त्या. नवरा-बायकोच्या जोडीला तेथे ‘कोयता’ म्हणतात. माणसाचे नावच हत्याराचे झाले! ह्या बाईला ९ तारखेची तपासणी कोण सांगणार? अलीकडे प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थ्याकडे पहिल्या वर्षापासून खेड्यातली काही कुटुंबे सोपविण्याची योजना आली आहे. माझी सूचना अशी की, आपल्या दोन जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांनी गळिताच्या हंगामात त्यांत एक तरी कोपी धरावी. जोखमीचे गरोदरपण म्हणजे काय, हे विद्यार्थ्याला तेथे जितके कळेल तितके दहा व्याख्यानांत कळणार नाही.

ही शिकवणूक देण्यास वेळ किती मिळतो? २०१९ पासून अभ्यासक्रमात नुसत्या माहितीपेक्षा प्रत्यक्ष कौशल्यावर भर आला, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु उमेदवारीच्या एका वर्षात प्रसूतिविभागाच्या वाट्याला, कुटुंबनियोजन धरून, सात आठवडे येतात. त्या सात आठवड्यांतही पुढल्या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेचे भूत मानगुटीवर असते. खिशात प्रश्नांची पुस्तिका आणि समोर कळा देणारी बाई! मी तरुणांना दोष देत नाही. ज्या परीक्षेत हाताची परीक्षा होत नाही त्या परीक्षेसाठी हात कोण तयार करील? पण परिणाम असा होतो की, ह्यांतलाच एखादा लगेच बंधपत्राच्या सेवेसाठी खेड्यातल्या केंद्रावर जातो आणि पहिल्याच रात्री एकटा पडतो. तो तुम्ही ज्याला ‘शिकाऊ’ म्हणून दूर लोटले तोच असतो. शहरातल्या खाटेपाशी, मोठ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली, त्याला आपण शिकू दिले नाही, तर तो जतला किंवा पाटणला, कोणाच्याही देखरेखीविना, दुसऱ्या कोणाच्या तरी लेकीवर शिकेल. शिकणे टळत नाही, फक्त जागा बदलते. आणि बदलते ती नेहमी गरिबाच्या दारी.

म्हणून नागरिकांना माझी विनंती आहे. शिकाऊ डॉक्टरला दूर लोटू नका. पण त्याच्याकडून काही अटी मात्र पाळून घ्या. त्याने आपले नाव सांगावे. तपासण्यापूर्वी बाईची परवानगी घ्यावी. तिने नको म्हटले तर तेथेच थांबावे. पडदा ओढावा. हात धुवावेत. एका बाईला दहा जणांनी तपासू नये. कळा देणाऱ्या बाईवर आवाज चढवू नये. आणि वरिष्ठ कोण आहेत, ते किती मिनिटांत येतील, हे विचारण्याचा हक्क तुम्हांला आहे. तो सभ्यपणाने बजावा. वरिष्ठ जागेवर नसतील तर दोष त्या मुलाचा नाही, व्यवस्थेचा आहे. तक्रार तिच्याविरुद्ध लेखी करा. हात उगारून काहीच साधत नाही. ज्या डॉक्टरला माराची भीती वाटते तो जोखीम घेत नाही. आलेली बाई तो दारातूनच पुढे पाठवितो, आणि तो विलंब चौथा.

आणखी तीन साध्या गोष्टी आपल्या हातच्या आहेत. माहेरी येणाऱ्या लेकीचे कार्ड तिच्या लुगड्याइतके जपून आणा. नवव्या महिन्यात गाडी कोणाची, सोबत कोण, पैसे कोठे, हे घरात आधीच ठरवा. सासऱ्यांची परवानगी येईपर्यंत रक्त थांबत नाही. आणि वर्षातून दोनदा रक्तदान करा. रक्तपेढीत रक्त नसेल तर मोठा डॉक्टर आणि शिकाऊ डॉक्टर दोघेही सारखेच हतबल असतात.

भगिनींनो आणि बंधूंनो, डॉक्टर काही महाविद्यालयाच्या भिंती घडवीत नाहीत. समाज आपल्या विश्वासाने घडवितो. तो विश्वास आंधळा नसावा, पण असावा. ज्या दिवशी एखादी सासू प्रसूतिकक्षाच्या दारात म्हणेल, “या बाळांनो, शिका, पण तुमच्या बाईंना शेजारी उभे राहू द्या,” त्या दिवशी आपल्या सातारा-सांगलीच्या खेड्यांतली पुढली शंभर बाळंतपणे अधिक सुखरूप झाली असे मी समजेन.